टांझानियाला शिकवायला जाताय? आधी कॅलेंडर बघा, बॅग नंतर भरा

महिन्यातून एकदा तरी कुणाचा ना कुणाचा मेसेज येतोच, ताई आफ्रिकेत व्हॉलंटियर म्हणून शिकवायला जायचंय, काय तयारी करू. मी आधी उलट विचारते की आफ्रिकेत म्हणजे नक्की कुठे, कारण तिथे ५४ देश आहेत आणि घानासाठी केलेली तयारी टांझानियात निम्मीसुद्धा कामाला येत नाही. मी टांझानियात गेले होते, किलिमांजारोच्या पायथ्याला मोशी म्हणून शहर आहे, तिथून थोडं आत एका सरकारी सेकंडरी शाळेत, तीन महिने, गणित शिकवायला. त्यामुळे खाली जे काही लिहिलंय ते टांझानियाचं आहे, दुसरीकडे जाणाऱ्यांनी आपापलं बघून घ्या.

सगळ्यात पहिलं काम, कॅलेंडर. आपण काय करतो, आपली सुट्टी बघतो आणि तिकीट काढतो, पण तिकडे शाळा तेव्हा चालू आहे का हे कोण बघणार? तिकडचं शैक्षणिक वर्ष जानेवारीत सुरू होतं, साधारण जूनमध्ये मोठी सुट्टी, मग जुलैपासून डिसेंबरच्या सुरुवातीपर्यंत दुसरी टर्म. म्हणजे दिवाळीला जोडून नोव्हेंबरात गेलात तर फॉर्म फोरची, म्हणजे सेकंडरीच्या चौथ्या वर्षाची, बोर्डाची परीक्षा चालू असते, तुम्हाला वर्गावर कोण सोडणार, आणि ख्रिसमसच्या सुट्टीत गेलात तर शाळेला कुलूप. एप्रिल-मेमध्ये शाळा असतात पण तो त्यांचा मोठा पाऊस, मासिका म्हणतात त्याला, मार्च ते मे, आतल्या गावांचे रस्ते म्हणजे नुसता चिखल. माझ्या मते जुलै ते सप्टेंबर बेस्ट, कोरडी हवा, टर्मची सुरुवात, मुलांची नावं पाठ करायला वेळ मिळतो. फक्त स्वेटर घ्या. आफ्रिका म्हणजे उकाडा असं धरून मी एक पातळ जॅकेट नेलं होतं आणि जुलैच्या पहिल्या आठवड्यात रात्री अंगावर टॉवेल घेऊन झोपले.

आता संस्था कशी निवडायची. फी घेतात म्हणून लगेच फ्रॉड समजू नका, राहण्याजेवणाचा खर्च असतोच, पण ते पैसे कुठे जातात ते लेखी मागा, शाळेला किती, घरमालकाला किती, एजन्सीला किती. जो सांगायला कां-कू करतो त्याला सोडा. दुसरा प्रश्न, तुमच्या आधी त्या वर्गाला कोण शिकवत होतं आणि तुम्ही गेल्यावर कोण शिकवणार. याचं उत्तर "दुसरा व्हॉलंटियर" असेल तर मला ते बरोबर वाटत नाही, दर महिन्याला नवीन चेहरा आणि परत पहिल्या धड्यापासून सुरुवात, त्यात मुलांचं नुकसानच होतं. तिथे एक कायमचा शिक्षक असला पाहिजे आणि तुम्ही त्याच्या हाताखाली. आणि अनाथाश्रमात "मुलांसोबत दोन आठवडे" असलं पॅकेज असेल तर प्लीज नको. जगभरच्या अनाथाश्रमांतल्या बऱ्याच मुलांचे आई किंवा बाबा हयात असतात, आणि पाहुणे येतात, पैसे देतात म्हणून मुलं घरी जायची तिथेच ठेवली जातात असे प्रकार झालेले आहेत. चांगली संस्था तुमच्याकडे पोलिस क्लिअरन्स मागते, पासपोर्ट सेवा केंद्रातून मिळतं ते, मागितलं नाही तरी काढा. कुणीच काही न विचारता तुम्हाला लहान मुलांमध्ये सोडत असेल तर उलट तुम्हीच जरा घाबरा.

व्हिसा. इथे लोक शॉर्टकट मारतात आणि अडकतात. टुरिस्ट व्हिसावर शिकवायचं नाही, पगार घेत नसलात तरी नाही, कारण इमिग्रेशनच्या लेखी ते कामच. थोड्या दिवसांसाठी बिझनेस व्हिसा आणि त्याच्यासोबत तात्पुरत्या कामाची परवानगी, जास्त दिवस राहायचं असेल तर क्लास सी रेसिडेन्स परमिट, व्हॉलंटियर, मिशनरी, संशोधक यांच्यासाठीचं असतं ते. हे कागद तिकडच्या संस्थेला हलवावे लागतात, त्यामुळे निदान तीन महिने आधी सुरुवात करा आणि फी किती ते त्या वेळी इमिग्रेशनच्या साइटवरच बघा. "या टुरिस्टवर, इथे आल्यावर बघू" असं मला पहिल्या एजन्सीने सांगितलं होतं. मी एजन्सीच बदलली.

लसींचं आपल्याला वाटतं की आपण भारतातले, आपल्याला काय होतंय. पिवळ्या तापाची लस घ्याच. मुंबईहून किलिमांजारोला जाताना बहुतेक वेळा आदिस अबाबा किंवा नैरोबीवरून जावं लागतं, इथिओपिया आणि केनिया दोन्ही पिवळ्या तापाचे देश, आणि तिकडून येणाऱ्याकडे ते पिवळं कार्ड नसेल तर भारतात उतरल्यावर ६ दिवसांपर्यंत क्वारंटाइन करू शकतात. लस प्रवासाच्या किमान १० दिवस आधी टोचलेली पाहिजे, एकदा घेतली की सर्टिफिकेट आता जन्मभर चालतं. ती कुठल्याही क्लिनिकमध्ये मिळत नाही, सरकारमान्य सेंटरलाच जावं लागतं, मुंबईत एअरपोर्ट हेल्थ आणि पोर्ट हेल्थची सेंटर्स आहेत, अपॉइंटमेंट घ्या आणि पासपोर्ट न्या. अंड्याची अॅलर्जी असेल किंवा वय ६० च्या पुढे असेल तर आधी डॉक्टरांशी बोला. बाकी टायफॉइड, हिपॅटायटिस ए, धनुर्वात, आणि गावात राहणार असाल तर रेबीजचं पण विचारा.

मलेरिया हा वेगळा विषय आहे आणि इथे मी थोडी कडक होते. "मला मुंबईत दोनदा झालाय, आता होत नाही" हे डोक्यातून काढा. तिकडे मुख्यतः फाल्सिपेरम असतो, मलेरियाचा सगळ्यात घातक प्रकार, तो मेंदूवर जाऊ शकतो. प्रतिबंधक गोळी डॉक्टरांकडून लिहून घ्या. डॉक्सीसायक्लिन असेल तर रोज एक, जायच्या एक-दोन दिवस आधीपासून ते परत आल्यावर चार आठवड्यांपर्यंत, आणि ती घेतली की उन्हाने त्वचा लवकर भाजते, म्हणून टोपी आणि सनस्क्रीन, आणि रिकाम्या पोटी घेऊ नका, उलटी होते. अॅटोव्हाक्वोन-प्रोग्वानिल महाग आहे पण परत आल्यावर सातच दिवस घ्यावी लागते. मच्छरदाणी तिथे मिळते, पण रात्री टॉर्च लावून तिची भोकं शोधा आणि सुईदोऱ्याने शिवा, तीन महिने मी दर रविवारी हेच केलं. आणि तळ्यात पोहायला उतरू नका, गोड्या पाण्यातून बिलहार्झिया नावाचा जंतांचा आजार होतो.

आता मुख्य गोष्ट, शिकवणं. यासाठी कुणी तयारी करत नाही आणि खरी गरज इथेच असते.

टांझानियात सरकारी प्राथमिक शाळा वर्षानुवर्षं स्वाहिलीत चालत आल्यात आणि सेकंडरी, म्हणजे फॉर्म वनपासून पुढे सगळं इंग्रजीत. आता हे वाक्य परत वाचा आणि मराठी मीडियममधून अकरावी सायन्सला गेलेल्या कुणालाही विचारा की पहिल्या दिवशी कसं वाटलं होतं. मी स्वतः तीच. दहावीला गणितात चांगले मार्क आणि अकरावीच्या पहिल्या लेक्चरला सर भराभर इंग्रजीत बोलतायत आणि मी वहीत नुसतं फळ्यावरचं उतरवून घेतेय, बाजूची मुलगी मान हलवतेय म्हणून मी पण हलवतेय. फॉर्म वनचा वर्ग म्हणजे तसे साठ-सत्तर जण एकदम. २०१६ पासून तिकडे सरकारी शाळांची फी माफ झाली, मुलं वाढली, वर्ग खच्चून भरले. तुम्ही विचारणार, समजलं का, आणि सगळा वर्ग एका सुरात "येस टीचर". आपल्याकडे "होऽऽ बाई" म्हणतात ना, सेम तेच. त्या येसचा अर्थ काहीही असू शकतो.

म्हणून माझा सल्ला असा की विमानात बसायच्या आधी निदान पंधरा दिवस जवळच्या झेडपीच्या किंवा नगरपालिकेच्या शाळेत मुख्याध्यापकांची परवानगी काढून वर्ग घ्या. प्रोजेक्टर नाही, प्रिंटआउट नाही, नुसता खडू आणि फळा. फळ्यावर सरळ ओळीत लिहिता येतं का, शेवटच्या बाकावरून दिसतं का, पाठ फिरवली की वर्गात काय होतं, हे सगळं इथे फुकटात कळतं. मला फळ्यावर वर्तुळ काढता यायचं नाही, तिथल्याच एका सरांनी सुतळीला खडू बांधून अंगठ्याने मध्य दाबून गर्रकन काढून दाखवलं, मी इंजिनियरिंग शिकलेली बाई तोंड उघडं टाकून बघत राहिले.

आणि सिलॅबस तिकडचा शिकवा. आपली पुस्तकं सोबत नेऊ नका. तिकडचं इन्स्टिट्यूट ऑफ एज्युकेशन अभ्यासक्रम ठरवतं, शाळेला विचारा की कुठला फॉर्म, कुठला धडा, पाठ्यपुस्तकाचे फोटो व्हॉट्सअॅपवर मागवा. लाख आणि कोटी विसरा, सरळ मिलियन, माझ्या तोंडून एकदा "वन लॅक" गेलं आणि सगळा वर्ग माझ्याकडे बघत बसला.

स्वाहिली किती शिकायची? शंभर शब्द शिका, पण वर्गात लागतील असे. आपल्याला एक मोठा फायदा आहे, ही भाषा जशी बोलतात तशीच लिहितात, देवनागरीत अगदी मस्त बसते, त्यामुळे वहीत सरळ देवनागरीत लिहून पाठ करा. आणि बरेच शब्द तर ओळखीचे निघतात. किताबू म्हणजे पुस्तक, कालामू म्हणजे पेन, पेसा म्हणजे पैसे, दावा म्हणजे औषध, दुका म्हणजे दुकान, गारी म्हणजे गाडी, हेसाबू म्हणजे हिशोब. दाफ्तारी मात्र फसवतं, ते आपलं दप्तर नाही, वही. मी पहिल्या दिवशी "दाफ्तारी बाहेर काढा" ऐकून मनात म्हटलं की दप्तर कशाला बाहेर काढायचं, ते तर बाहेरच आहे.

भूमितीत तर मजाच. पेम्बे म्हणजे कोन, तातू म्हणजे तीन, पेम्बेतातू म्हणजे त्रिकोण. शब्दाची बांधणी हुबेहूब आपली. आणि ज्याच्यामुळे माझा वर्ग सुरू झाला ते सांगते. पदावलीचं गणित होतं, आधी कंस सोडवायचा की गुणाकार यात सगळे अडकलेले, मी इंग्रजीत तीनदा समजावलं, तीनदा येस टीचर. मग वैतागून फळ्याच्या कोपऱ्यात मी स्वतःसाठीच देवनागरीत कंचेभागुबेव लिहिलं, शाळेतलं, कंस, चे, भागाकार, गुणाकार, बेरीज, वजाबाकी. पहिल्या बाकावरच्या मुलीने विचारलं हे काय चित्र काढलंय. मी सांगितलं आमच्याकडे असं पाठ करतात. तर ती म्हणाली आमच्याकडे पण आहे, मागाझिजुतो. माबानो म्हणजे कंस, गावान्या भागाकार, झिदिशा गुणाकार, जुमलिशा बेरीज, तोआ वजाबाकी. क्रमसुद्धा तोच! आमचं फक्त "चे" जास्त. म्हणजे हे सगळं त्यांना प्राथमिकमध्ये आलेलं होतं, येत नव्हतं ते इंग्रजी. त्या दिवसापासून मी प्रत्येक नव्या धड्याला आधी पाच-सात शब्द इंग्रजी आणि स्वाहिली असे शेजारी शेजारी लिहायला लागले, तिथल्या सरांकडून आदल्या दिवशी तपासून घेऊन. फक्त हे करायच्या आधी मुख्याध्यापकांना विचारा, काही शाळांमध्ये वर्गात इंग्रजीच बोलायचं असा नियम असतो आणि तुम्ही पाहुणे आहात, परस्पर नियम मोडायचा नाही.

नमस्काराचं पण शिकून जा. मोठ्यांना "शिकामो" म्हणायचं आणि मोठ्यांनी "माराहाबा" म्हणायचं, आपल्या पाया पडतो आणि सुखी राहा सारखंच. मुलं उभी राहून शिकामो म्हणाली आणि मी पण उत्साहात शिकामो म्हटलं, म्हणजे मी बारा वर्षांच्या पोरांच्या पाया पडले, दोन दिवस हसत होती. कुणाच्या दारात गेलात तर "होदी" म्हणायचं, आतून "कारिबू" आलं की आत. कुणाला ठेच लागली, काही सांडलं, की "पोले", आणि बाई-सर म्हणजे "म्वालिमू". त्यांचे पहिले राष्ट्राध्यक्ष ज्युलियस न्येरेरे स्वतः शिक्षक होते, त्यांना आजही म्वालिमूच म्हणतात, त्यावरून काय ते ओळखा, तिथे शिक्षकाला मान आहे आणि चुरगळलेला टीशर्ट घालून वर्गात गेलात तर शिक्षक-खोलीत कुजबुज होते.

आणि वेळ! स्वाहिलीत दिवस सकाळी सहाला सुरू होतो, म्हणून सकाळचे सात म्हणजे "सा मोजा", एक वाजला. आठ म्हणजे दोन. सोपं गणित, घड्याळात सहाचा फरक. मला एका बाईंनी सांगितलं की मीटिंग सा तातूला, मी म्हटलं तातू म्हणजे तीन, आरामात जेवून तीनला गेले, मीटिंग सकाळी नऊलाच होऊन गेलेली. तेव्हापासून मी प्रत्येक वेळी विचारायचे, सकाळचे की दुपारचे, आणि इंग्रजीत किती.

एक अवघड गोष्ट, आधीच विचार करून ठेवा. तिकडच्या शाळांमध्ये छडी अजून कायद्याने चालते. तुम्हाला ते बघवणार नाही. मी काय केलं तर पहिल्याच दिवशी मुख्याध्यापकांना नम्रपणे सांगितलं की मी मारणार नाही आणि माझ्या वर्गातल्या कुणाला माझ्या तक्रारीवरून मारू नका, आणि नंतर कुणाचीही तक्रार केली नाही. तिथल्या शिक्षकांना चारचौघांत लेक्चर दिलं नाही, आपल्याकडे कायदा येऊनसुद्धा छडी कुठल्या कुठल्या शाळेत चालते हे आपल्याला माहितीये. पण खरंच कुणाला दुखापत होतेय असं दिसलं तर गप्प बसू नका, संस्थेला कळवा.

बॅगेत काय घ्यायचं ते एका दमात सांगते: ब्रिटिश पद्धतीच्या चौकोनी पिनांचं अडॅप्टर, पॉवर बँक, चांगला टॉर्च, ओआरएस, मोस्किटो रिपेलंट, सॅनिटरी पॅड किंवा कप, गुडघ्याखाली जाणारे कपडे, सलवार-कमीज एकदम परफेक्ट चालते, वर तिथे कांगा घ्यायचा, त्यावर म्हणी छापलेल्या असतात, विकत घेताना अर्थ विचारून घ्या, काही फारच टोमणे मारणाऱ्या असतात. घरची लसणाची चटणी आणि मेतकूट यांना पर्याय नाही. पण आईला सांगा, प्लॅस्टिकच्या कॅरीबॅगमध्ये बांधू नको. टांझानियात १ जून २०१९ पासून प्लॅस्टिकच्या कॅरीबॅगांवर बंदी आहे, एअरपोर्टवर काढून घेतात, आणि आपल्या घरात तर चपलासुद्धा कॅरीबॅगेत गुंडाळतात. कापडी पिशव्या शिवून घ्या. मुलांना वाटायला चॉकलेटं, पेनं असलं काही नेऊ नका, द्यायचंच असेल तर शाळेला विचारून शाळेच्या नावाने द्या.

डॉलर नेणार असाल तर नवीन कोऱ्या नोटा, जुन्या सिरीजच्या किंवा फाटक्या घेत नाहीत. तिथे रोजचं सगळं शिलिंगमध्ये आणि मोबाइल मनीवर चालतं, सिम घेताना पासपोर्ट आणि बोटांचे ठसे लागतात.

जेवण शाकाहारी माणसाला जमतं, घाबरू नका. उगाली म्हणजे मक्याच्या पिठाची घट्ट उकड, सोबत माहारागे, राजमाच तो, आणि म्चिचा म्हणजे आपली माठाची भाजी, पहिल्यांदा खाल्ली तेव्हा मला भरून आलं होतं. चपातीला चपातीच म्हणतात, फक्त तेल सोडून जाड करतात. "सिली न्यामा", मांस खात नाही, हे पाठ करा, पण एवढ्यावर भागत नाही, कारण न्यामा म्हणजे मटण-बीफ, मग कोंबडी येते, म्हणून सिली कुकू, मग मासे येतात, सिली सामाकी. आणि एवढं सांगूनही भाजीत दगाऽ निघतो. ती आपल्या सुकटीसारखी बारीक वाळलेली मासळी, नावाप्रमाणेच वागते.

फिरायला दालादाला म्हणजे वडाप, तसेच कोंबतात. रिक्षाला तिकडे "बाजाजी" म्हणतात, आपल्या बजाजवरून, पुण्याच्या माणसाला फुकटचा अभिमान वाटतो. बोडाबोडा म्हणजे मोटरसायकल टॅक्सी, हेल्मेट दिलं नाही तर बसू नका, रात्री तर अजिबात नाही. रस्त्यात मुलं "म्हिंदी, म्हिंदी" ओरडतील, म्हणजे भारतीय, शिवी नाही ती. पण तिथे गुजराती दुकानदार पिढ्यान् पिढ्या आहेत, त्यामुळे तुम्ही पण दुकानवाले, पैसेवाले असं गृहीत धरतात, मला तर लोक कुकरचा भाव विचारायचे. चिडू नका, मी गणिताची म्वालिमू म्हटलं की बोलणं बदलतं.

मुलांचे फोटो काढून स्टेटसला टाकायचे नाहीत, शाळेची आणि पालकांची परवानगी असल्याशिवाय. आपल्या पोराचा फोटो कुणी परदेशी बाईने न विचारता टाकला तर आपण काय म्हणू, तेवढं डोक्यात ठेवा.

तिथून परत निघायच्या आधीचा आठवडा फार गडबडीचा जातो, निरोप, केक, भाषणं, त्यामुळे एक काम आधीच उरकून घ्या. एक शंभर पानी वही घ्या आणि त्यात प्रत्येक वर्गाचं तारखेनिशी लिहा, कुठला धडा कुठपर्यंत झाला, कुठलं उदाहरण अर्धं राहिलं, कोण मागे आहे, कुणाला फळ्यावरचं दिसत नाही म्हणून पुढे बसवलंय. ती वही तिथल्या कायमच्या सरांच्या हातात द्या. आणि घरी आल्यावर गोळ्यांचा कोर्स पुरा करा, नंतर काही महिन्यांत ताप आला तर डॉक्टरांना पहिल्याच वाक्यात सांगा की टांझानियाहून आलेय, मलेरियाची टेस्ट करा. मला ऑक्टोबरात आला होता, साधा व्हायरल निघाला, पण रिपोर्ट येईपर्यंत आईने मला मेतकूट-भाताशिवाय काही दिलं नाही.